आधी अ‍ॅम्प, मग गिटार, शेवटी पेडल: इलेक्ट्रिक गिटारची खरेदी टप्प्याटप्प्याने

इलेक्ट्रिक गिटार घेताना लोक चुकतात ते ब्रँडमध्ये कमी आणि क्रमात जास्त. हातातले बहुतेक पैसे गिटारवर जातात, उरलेल्यात डिस्टॉर्शन पेडल (आवाज खरबरीत करणारी, पायाने दाबायची डबी) येतं, आणि अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं स्पीकरचं खोकं) म्हणून एकतर गिटारसोबत आलेला वीतभर डबा असतो, नाहीतर घरातला ब्लूटूथ स्पीकर. मग आवाज चिरका येतो. दोष पेडलला दिला जातो, दुसरं पेडल आणलं जातं, आणि तेही तसंच वाजतं.

पेडल सिग्नल बदलतं, पण आपल्या कानापर्यंत पोचतो तो स्पीकरचा आवाज. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही. डिस्टॉर्शनमुळे तयार होणारी तीक्ष्ण खरखर नेमकी त्या पट्ट्यात असते, आणि गिटारचा स्पीकर ती गाळून टाकतो. होम थिएटर किंवा ब्लूटूथ स्पीकर गाणी ऐकण्यासाठी बनवलेला असतो. तो वरचं सगळं वाजवतो. म्हणून तेच पेडल तिथे डासांच्या थव्यासारखं ऐकू येतं. व्हिडिओत ऐकलेला आवाज बहुधा मोठ्या अ‍ॅम्पसमोर माइक लावून घेतलेला असतो, किंवा त्याची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेला असतो.

त्यामुळे खाली दिलेला क्रम उलटासुलटा करू नका. पैसे कमी असतील तर एखादा टप्पा पुढच्या महिन्यावर ढकला, पण क्रम तोच ठेवा.

## टप्पा १: दुकानात जाण्याआधी कागदावर तीन ओळी

कुठे वाजवणार, काय वाजवणार आणि एकूण पैसे किती, एवढंच लिहायचं.

कुठे वाजवणार यावर अ‍ॅम्प ठरतो. फ्लॅटमध्ये रात्री जेवणानंतर वाजवणार असाल तर हेडफोन लावता येणं ही पहिली अट. ड्रमरबरोबर बँडचा सराव करणार असाल तर वेगळा अ‍ॅम्प लागतो. दोन्ही हवं असेल तर आधी कुठलं जास्त वेळा होणार ते खरं खरं लिहा. वर्षातून एकदा होणाऱ्या कॉलेजच्या कार्यक्रमासाठी मोठा अ‍ॅम्प घेऊ नका. तिथे साउंडवाल्याकडे तो भाड्याने मिळतो.

काय वाजवणार यावर गिटारचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारे चुंबकी भाग, ठरतात. आवडीची तीन गाणी घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा: गिटार स्वच्छ आहे, किंचित खरबरीत आहे, की पूर्ण डिस्टॉर्शन आहे. स्वच्छ, खणखणीत आवाज सिंगल कॉइल पिकअपचा. जाड, भरदार आणि डिस्टॉर्शन पेलणारा आवाज हंबकरचा. सिंगल कॉइलमध्ये मूळचीच थोडी गुणगुण असते आणि गेन (सिग्नल खरबरीत होईपर्यंत वाढवणारा नॉब) वाढवला की तीही वाढते. हंबकरमधल्या दोन कॉइल ती गुणगुण एकमेकींत रद्द करतात. तीन गाण्यांपुढे तीन वेगळ्या गोष्टी लिहिल्या गेल्या, तर ब्रिजपाशी (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे) हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी एचएसएस मांडणी घ्या. पहिली गिटार घेणाऱ्या बहुतेकांना मी हीच सुचवतो.

आता पैसे. समजा एकूण ३०,००० रुपये आहेत. गिटारला १५,०००, अ‍ॅम्पला ९,०००, केबल, पट्टा, पिक, जादा तारांचा सेट आणि सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक आणि सूर जुळवून घेणं) मिळून ३,०००, आणि पेडलसाठी ३,००० बाजूला. आकडा कमीजास्त असेल तर याच प्रमाणात बदला. सर्वांत जास्त वेळा विसरला जातो तो सेटअपचा खर्च. जाणकाराने सेटअप केलेली १२,००० ची गिटार, दुकानातून जशीच्या तशी उचललेल्या १८,००० च्या गिटारपेक्षा हाताला सोपी जाते.

सावधान: गिटार, अ‍ॅम्प, केबल, पट्टा असा सगळा मिळून येणारा ‘स्टार्टर पॅक’ घेताना त्यातल्या सुट्या गिटारची किंमत विचारा. फरक अगदी थोडा असेल तर पॅक घ्यायला हरकत नाही. फरक मोठा असेल तर तुम्ही लवकरच अडगळीत जाणाऱ्या अ‍ॅम्पचे पैसे भरताय.

## टप्पा २: अ‍ॅम्प निवडणे

दुकानात पहिला प्रश्न बहुधा ‘किती वॅटचा?’ असा येतो, आणि इथेच माणूस फसतो. २० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या दुप्पट मोठा वाजत नाही. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट जाणवायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळे घरच्यासाठी १० आणि २० वॅटमध्ये घोळ घालण्यापेक्षा स्पीकर किती इंची आहे ते बघा. पाच-सहा इंचांच्या स्पीकरमधून जाड तारांचा आवाज पोकळ येतो. आठ इंचापासून तो भरायला लागतो. ड्रमबरोबर टिकायचं असेल तर बारा इंची स्पीकर आणि ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प असल्यास ४० ते ५० वॅट धरा.

घरासाठी आज सर्वांत पैसे वसूल करणारा प्रकार म्हणजे मॉडेलिंग अ‍ॅम्प. त्यात वेगवेगळ्या अ‍ॅम्पचे आवाज, थोडे इफेक्ट, हेडफोनची सोय आणि बऱ्याचदा यूएसबी रेकॉर्डिंग असतं. बॉस कटाना, ब्लॅकस्टार आयडी कोअर, फेंडर मस्टँग ही त्यातली नावं. साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प हवा असेल तर ऑरेंज क्रश, फेंडर फ्रंटमन आणि मार्शल एमजी यांतले छोटे ऐकून बघा. ऑरेंज क्रशचा गेन चॅनल त्या किमतीत मला फार आवडतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पहिली खरेदी म्हणून घेऊ नका. तो जड असतो, काचेच्या नळ्यांसारखे व्हॉल्व्ह बदलावे लागतात, आणि त्याचा खरा आवाज जिथे सुरू होतो तिथे शेजारी दार वाजवतात.

क्लासमध्ये असतात तसे कीबोर्ड, माइक, गिटार सगळं एकत्र जोडता येणारे अ‍ॅम्प टाळा. त्यांत ट्वीटर (उंच आवाजांचा छोटा स्पीकर) असतो, आणि डिस्टॉर्शन आणि ट्वीटरचं जमत नाही.

अ‍ॅम्प ऐकण्याचा क्रम असा. दुकानातली कुठलीही साधी गिटार घ्या, पेडल लावू देऊ नका.

१. चॅनल क्लीन, गेन असल्यास कमी, बास-मिड-ट्रेबल (खालचे, मधले, वरचे आवाज) मधोमध. पूर्ण कॉर्ड छेडा. सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का?

२. आवाज हळूहळू वाढवा. एका टप्प्यावर तो फाटायला लागेल. घरी जेवढ्या आवाजात वाजवणार त्याच्या बऱ्याच वर हा टप्पा आला पाहिजे. पेडल नीट चालतं ते अशाच स्वच्छ अ‍ॅम्पवर.

३. आता गेन चॅनल. फक्त सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार पिकच्या हाताचा तळवा ब्रिजपाशी टेकवून वाजवा. आवाज घट्ट येतो की फडफडतो?

४. वाजवणं थांबवा, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि नुसतं ऐका. थोडी सुसू चालते, मोठी गुणगुण नको.

५. एकेक नॉब पूर्ण फिरवा, जॅक हलवून बघा. कुठेही करकर आली तर दुसरा नग मागा. शेवटी स्वतःचे हेडफोन लावून ऐका.

कॉम्प्युटर आणि बरे हेडफोन घरात असतील तर आणखी एक रस्ता आहे: ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारी डबी) घ्या आणि अ‍ॅम्पचं काम सॉफ्टवेअरला द्या. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे फुकट मिळतं आणि उत्तम आहे. फक्त त्यात स्पीकरची नक्कल, म्हणजे कॅबिनेट, लोड करून चालू ठेवा. ती बंद असेल तर पुन्हा तोच डासांचा आवाज येईल. आणि हेडफोन वायरचेच हवेत, कारण ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि ताल सुटतो.

सावधान, परदेशातून आणणाऱ्यांसाठी: अमेरिकेतला भाऊ किंवा मावशी येताना स्वस्तात अ‍ॅम्प आणते म्हणाली, तर आधी त्याच्या पाठीवरचं लेबल वाचायला सांगा. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. फक्त १२० लिहिलेला अ‍ॅम्प थेट आपल्या सॉकेटमध्ये लावला तर तो जळतो. १००-२४० लिहिलेलं असेल किंवा व्होल्टेज बदलायचा स्विच असेल तरच हो म्हणा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण त्याचा खर्च आणि वजन धरल्यावर सौदा क्वचितच स्वस्त राहतो. गिटार आणि पेडल मात्र खुशाल मागवा. साध्या गिटारला वीज लागत नाही आणि बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतं, तो अ‍ॅडॅप्टर इथे मिळतो.

## टप्पा ३: गिटार तपासणे

यामाहा पॅसिफिका, स्क्वायर, एपिफोन, आयबानेझ जिओ, कॉर्ट, जॅक्सनची जेएस मालिका. परवडणाऱ्या किमतीत यांपैकी कशावरही डोळे झाकून बोट ठेवलं तरी फार चुकणार नाही. एचएसएससाठी पॅसिफिका ०१२ आणि थोडे पैसे जास्त असतील तर ११२ व्ही हे माझं पहिलं उत्तर असतं. पण डोळे झाकायचे ते नावापुरतेच. या किमतीत एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्ये बराच फरक निघतो. म्हणून मॉडेल निवडल्यावर खरं काम सुरू होतं: जो नग घरी नेणार तोच तपासायचा.

जाताना खिशात मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड आणि फोनमध्ये ट्यूनर असू द्या. काहीही तपासण्याआधी गिटार सुरात लावा. तारा ढिल्या असताना केलेली कुठलीही तपासणी खोटी ठरते.

नेक सरळ आहे का. गिटारचं बूड गालापाशी धरा आणि ब्रिजकडून गिटारच्या डोक्याकडे (जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात), एक डोळा मिटून, नेकच्या कडेने बघा. कड सरळ किंवा अगदी किंचित आत वाकलेली दिसली पाहिजे. एक कड एका बाजूला आणि दुसरी दुसऱ्या बाजूला जात असेल, म्हणजे नेक पिळलेली असेल, तर गिटार लगेच परत द्या. पीळ कुठल्याही सेटअपने जात नाही. मग सहावी तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. आता ताणलेली तार हीच तुमची मोजपट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट अजिबात नसेल किंवा मिलिमीटरभर असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक बदलणारी सळई) फिरवून ते दुरुस्त होतं. दुकानदाराला तिथेच करून दाखवायला सांगा. रॉड फिरतो हेही त्यातून कळतं. तो जाम असेल तर ती गिटार घेऊ नका.

तारा नेकच्या मधून जातात का. पहिली आणि सहावी तार नेकच्या कडांपासून शेवटपर्यंत सारख्या अंतरावर हव्यात. पहिली तार वरच्या फ्रेटवर कडेला आलेली असेल तर तार खेचताना ती फ्रेटवरून घसरून पडेल. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही.

तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर तारेच्या खालच्या कडेपर्यंत पट्टीने मोजा. सहाव्या तारेला २ मिलिमीटर आणि पहिलीला दीडच्या आसपास ही चांगली मापं. दुकानातल्या गिटारी अनेकदा अडीच-तीनवर असतात. ते दुरुस्त होतं, पण एक गोष्ट बघा: ब्रिजवरची सॅडल्स (प्रत्येक तार टेकते ते छोटे ठोकळे) आणखी खाली जायला जागा आहे का? सॅडल्स आधीच तळाला टेकलेली आणि तारा तरीही उंच, अशी गिटार नको.

प्रत्येक फ्रेट. प्रत्येक तारेवर पहिल्यापासून शेवटच्या फ्रेटपर्यंत एकेक सूर वाजवा. कंटाळवाणं वाटलं तरी करा. कुठे सूर अचानक मरतो, कुठे पुढच्या फ्रेटचाच सूर वाजतो, ते लक्षात येईल. पहिल्या दोन तारा बारा ते पंधराव्या फ्रेटवर खेचून बघा. खेचताना सूर गुदमरला तर फ्रेट समपातळीत नाहीत. सगळ्या नेकवर सारखी बारीक झणझण असेल आणि ती अ‍ॅम्पमधून ऐकू येत नसेल तर काळजी नको, ती सेटअपने जाते. ठरावीक दोन-तीन फ्रेटवरच सूर मरत असतील तर मात्र फ्रेट घासून समपातळीत आणावे लागतात, आणि स्वस्त गिटारवर तो खर्च परवडत नाही. जाता जाता तळवा नेकच्या दोन्ही कडांवरून फिरवा. फ्रेटची टोकं बोचतात का? कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि टोकं बाहेर येतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे हमखास जाणवतं. किंचित बोचणं घासून जातं.

वरच्या फ्रेटवर सूर खरा लागतो का. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सूर एकच दिसले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्यायचं, उतरा असेल तर पुढे. सॅडल मागच्या टोकाला पोचलेलं आणि सूर तरी चढाच, तर आधी नवी तार लावून मागा. जुन्या गंजक्या तारांवर ही चाचणी चुकते.

ट्यूनिंग टिकतं का. सुरात लावा, सगळ्या तारा जोरात खेचा, दहा-बारा कॉर्ड वाजवा, पुन्हा बघा. नव्या तारा थोड्या उतरणारच. तार लावताना नटपाशी (डोक्याजवळची खाचांची पट्टी) ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर तार खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की बहुतेक वेळा सुटते, तेवढ्यासाठी गिटार नाकारू नका.

वायरिंग. आता अ‍ॅम्पला जोडा, क्लीनवर. स्विचची प्रत्येक जागा, प्रत्येक नॉब, जॅक हलवणे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर वायरिंगचं अर्थिंग बरोबर आहे. वाढली तर दुसऱ्या अ‍ॅम्पवर पुन्हा बघा.

शेवटी पट्टा लावून थोडा वेळ उभं राहून वाजवा. गिटारचं डोकं खाली झुकत असेल किंवा खांदा लगेच दुखायला लागला तर घरी सराव होणार नाही. हात लहान असेल तर मोजमापात एक गोष्ट धरा: स्ट्रॅटोकास्टर घाटाच्या गिटारची तार नट ते ब्रिज ६४८ मिलिमीटर असते, लेस पॉल घाटाची साधारण ६२८. त्याच जाडीच्या तारा दुसरीवर थोड्या मऊ लागतात.

सावधान: तारा लॉक होणारा तरंगता ब्रिज, ज्याला सगळे फ्लॉइड रोझ म्हणतात, तो स्वस्त गिटारवर घेऊ नका. एक तार तुटली की बाकी पाचही बेसूर होतात, आणि तार बदलणं हेच शिकण्याचं वेगळं काम होऊन बसतं. पहिल्या गिटारला स्थिर ब्रिज सर्वांत बरा.

तपासा: पैसे देण्याआधी वाजवलेल्या नगाचा सिरीयल नंबर फोनमध्ये टिपून घ्या. वाजवायला शोकेसमधली गिटार आणि घरी आलेल्या खोक्यात दुसरीच, हे सर्रास होतं. ऑनलाइन मागवली असेल तर खोकं उघडतानाचं चित्रीकरण करा आणि वरच्या सगळ्या तपासण्या परत करायची मुदत संपण्याच्या आत उरका.

## टप्पा ४: वापरलेलं घ्यायचं असेल तर

वापरलेल्या अ‍ॅम्प आणि पेडलमध्ये पैसे चांगले वाचतात, गिटारमध्येही, पण नजर हवी. वरच्या तपासण्या आहेतच. जोडीला फ्रेटवर पहिल्या तीन तारांखाली खोल खाचा पडल्यात का बघा. डोक्याची मान आणि नेक-बॉडीचा सांधा उजेडात धरून भेग शोधा. रंगावरची केसासारखी रेष बहुधा रंगापुरती असते, पण त्या रेषेपाशी हलकं दाबल्यावर ती हलली तर लाकूडच गेलंय. मुंबई, कोकण, गोव्यातल्या घरांमध्ये राहिलेल्या गिटारचे ब्रिजचे स्क्रू ॲलन कीने फिरतात का तेही बघा. खाऱ्या दमट हवेत ते गंजून बसतात, मग सॅडल हलत नाही आणि सेटअप होत नाही.

दुकानातल्या आजच्या किमतीच्या साठ टक्क्यांच्या वर जाऊ नका. विकणारा अ‍ॅम्प चालू करून दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तिथून निघा.

## टप्पा ५: पेडल, आणि तेही लगेच नाही

अ‍ॅम्पचा स्वतःचा गेन चॅनल आधी दोन-तीन महिने वापरा. त्यात काय कमी आहे हे शब्दांत सांगता आलं, की पेडल निवडणं सोपं होतं. ‘अजून जोरदार हवं’ हे उत्तर नाही. ‘सोलो वाजवताना आवाज मागे पडतो’ किंवा ‘जाड तारा गिचमिड होतात’ हे उत्तर आहे.

प्रकार तीन. ओव्हरड्राइव्ह सिग्नलच्या लाटेचा माथा हळुवार गोल करतो. हात हलका ठेवला तर आवाज स्वच्छ, जोर लावला तर खरबरीत. ट्यूब स्क्रीमर आणि बॉस एसडी-१ या घराण्यातले. सोलोला पुढे आणायला आणि अ‍ॅम्पचा गेन ढकलायला हेच लागतं. डिस्टॉर्शन माथा सरळ कापतो, म्हणून आवाज जास्त धारदार आणि लांबणारा. बॉस डीएस-१ आणि प्रोको रॅट इथले. फझ त्याहून पुढे जातो, बिग मफसारखा, जाड आणि केसाळ. तो सगळ्यांना लागत नाही.

गिचमिड होत असेल तर जास्त गेनचं पेडल घेऊन ती वाढेल. अ‍ॅम्पचा गेन खाली आणा आणि समोर ओव्हरड्राइव्ह लावा, त्यात ड्राइव्ह (खरबरीतपणा) जवळजवळ शून्य, लेव्हल (आवाजाचा मोठेपणा) वर. जाड तारा लगेच आवळल्या जातात. मेटल वाजवणारे कित्येक जण हेच करतात.

दुकानात ऐकताना:

१. अ‍ॅम्प क्लीनवर. गिटार तुमची, किंवा तशाच पिकअपची.

२. पेडलचे सगळे नॉब मधोमध. मग पहिलं काम म्हणजे लेव्हल अशी लावायची की पेडल चालू-बंद केल्यावर आवाजाचा मोठेपणा सारखाच राहील. जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, आणि दुकानात लोक इथेच भुलतात.

३. ड्राइव्ह मधोमधच्या खाली आणा आणि तिथून वर जा. रॅटवर लक्षात ठेवा: त्याचा फिल्टर नॉब उजवीकडे फिरवला की आवाज बोथट होतो.

४. पूर्ण कॉर्ड, मग एकेक सूर, मग गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर. निम्म्यावर आवाज स्वच्छ होत असेल तर ते पेडल अनेक गाण्यांत उपयोगी पडेल.

५. नुसता थांबून सुसू ऐका.

मिड पूर्ण खाली आणि बास-ट्रेबल पूर्ण वर, ही खोलीत भारी वाटणारी सेटिंग बँडमध्ये ऐकूच येत नाही. बास गिटार आणि झांजा त्या जागा आधीच व्यापून बसलेल्या असतात. गिटारची जागा मिडमध्येच आहे. बॉस एमटी-२ मेटल झोन बदनाम झालं ते बरंचसं यामुळे. त्याचा मिड २०० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झपर्यंत कुठेही नेता येतो आणि जोरदार वाढवता-घटवता येतो. सगळे नॉब टोकाला नेले की कुठलंही पेडल वाईटच वाजेल. हे पेडल वापरलेलं स्वस्तात मिळालं तर जरूर घ्या आणि नॉब मधोमधपासून थोडे थोडे हलवा.

बेहरिंजर, जोयो, मूअर यांची स्वस्त पेडल्स बऱ्याचदा जुन्याच सर्किटवर बेतलेली असतात आणि आवाजात जवळ जातात. महाग पेडलचे पैसे मोठ्या प्रमाणात धातूच्या डब्यात आणि टिकाऊ स्विचमध्ये असतात. घरी वाजवणाऱ्याने प्लास्टिकचं घेतलं तर काही बिघडत नाही. स्टेजवर बूट घालून दाबणार असाल तर धातूचंच घ्या.

आणि जो फक्त हेडफोनवर वाजवतो, त्याने सुटं डिस्टॉर्शन पेडल घेऊच नये. झूम जी१ फोरसारखा छोटा मल्टी-इफेक्ट घ्यावा. त्यात डिस्टॉर्शन आहे, अ‍ॅम्प आणि कॅबिनेटची नक्कल आहे, तालाचे पॅटर्न आहेत, आणि हेडफोन थेट लागतो.

सावधान, अ‍ॅडॅप्टर: बहुतेक पेडलला ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनच्या मधला भाग ऋण असतो. पिन बसते म्हणून घरातल्या राउटरचा अ‍ॅडॅप्टर लावू नका. तो अनेकदा १२ व्होल्टचा आणि मधला भाग धन असलेला असतो. पेडलवरचं आणि अ‍ॅडॅप्टरवरचं ध्रुवचिन्ह जुळवून बघा, मगच लावा. मिलिअँपिअरचा आकडा अ‍ॅडॅप्टरवर जास्त असला तर चालतो, कमी नको.

तपासा: बॅटरीवर वाजवत असाल तर काम झाल्यावर इनपुटची केबल काढली का? बहुतेक पेडलमध्ये इनपुटला केबल लागली की बॅटरी सुरू होते, पायाचा स्विच बंद असला तरी.

## टप्पा ६: घरी आल्यावर जोडणीचा क्रम

अ‍ॅम्प बंद, व्हॉल्यूम शून्य. गिटारची केबल पेडलच्या इनपुटला. तो बहुधा उजव्या हाताला असतो. आउटपुट डावीकडून अ‍ॅम्पच्या इनपुटला. आधी पेडलला वीज, मग अ‍ॅम्प चालू, मग व्हॉल्यूम हळूहळू वर. बंद करताना उलट: आधी व्हॉल्यूम शून्य, अ‍ॅम्प बंद, मग केबल. चालू अ‍ॅम्पमधून केबल ओढली की जो धाडकन आवाज येतो तो स्पीकरला झेपेलच असं नाही. केबल गिटारचीच हवी, आतून जाळी गुंडाळलेली. स्पीकरची वायर दिसायला तशीच असते, पण तिला जाळी नसल्यामुळे ती गुणगुण ओढून घेते.

घरी आल्यावर अचानक गुणगुण वाढली तर गिटारला दोष देण्याआधी खोलीत एकेक गोष्ट बंद करून बघा: चोकवाली ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, गिटारशेजारी ठेवलेला मोबाइल चार्जर. सिंगल कॉइल असेल तर बसल्या जागी थोडं वळून बघा. एका कोनात गुणगुण सर्वांत कमी होते.

सावधान, जिवाचा प्रश्न: तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी वाजवणं थांबवा आणि मुख्य स्विच बंद करा. इमारत जुनी असेल तर सॉकेटला अर्थिंग नसणं अगदी शक्य आहे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय पुन्हा अ‍ॅम्प लावू नका. अ‍ॅम्पच्या तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणं किंवा दोन पिनचा कन्व्हर्टर लावणं, गुणगुण कमी होते म्हणून सुद्धा, कधीही करू नका.

गिटार दोन-तीन आठवडे घरच्या हवेत राहू द्या आणि मग सेटअपला न्या. पुण्यातल्या दुकानात उन्हाळ्यात बरोबर असलेली नेक रत्नागिरीच्या पावसाळ्यात थोडी हलतेच, म्हणून पहिल्याच दिवशी केलेला सेटअप वाया जाऊ शकतो. पावसाळ्यात ती बॅगेत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात किंवा गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत नको. सेटअपला देताना कुठल्या जाडीच्या तारा वापरणार ते सांगा. नव्याने शिकणाऱ्याच्या बोटांना ९ ते ४२ चा सेट सोपा जातो. पुढे १० ते ४६ वर गेलात तर तारांचा ताण वाढतो, नेक पुढे ओढली जाते, आणि सेटअप पुन्हा करून घ्यावा लागतो.